‘माजी’ला जागा नाही

“बारीक लिही रे. नाही दिसलं तरी चालेल,” शिवदास म्हणाले.

“जागा कुठंय, शिवदासभाऊ?” दत्ताराम पेंटर पाटीसमोर उकिडवा बसला होता. ‘शिवदास म्हात्रे, नगरसेवक’ ही अक्षरे त्यानेच इतकी ऐसपैस काढली होती की ‘माजी’ घुसवायला फट नव्हती. माणूस कधी माजी होईल असा विचार त्या वेळी कुणी केला नव्हता, शिवदासांनी तर नाहीच.

साल चौऱ्याऐंशी. महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, सरकारने प्रशासक नेमला. दहिसरचे शिवदास आणि मुंबईचे महापौर एकाच दिवशी माजी झाले. एवढी समानता त्यांना यापूर्वी लाभली नव्हती.

“आमच्या चाळीचा नळ?” दत्तारामने विचारले.

“पाइप गल्लीच्या तोंडापर्यंत आणला ना मी? पुढचं प्रशासकांना विचार.”

तो पाइप खरे तर दत्तारामच्या बायकोने, रत्नप्रभाने आणला होता. ती तीन वर्षे नाक्यावरून पाणी भरता भरता शिवदासांच्या दारात थांबून भांडत होती. एकदा रिकामा हंडा तिने ओट्यावर असा बडवला की शिवदास तोंडातल्या ब्रशासकट बाहेर आले. त्याच आठवड्यात खोदकाम सुरू झाले.

दत्तारामने नावाच्या डोक्यावर कसेबसे ‘माजी’ बसवले आणि नळाचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिस गाठले.

“झालं ते झकास झालं,” हेडक्लार्क चंद्रप्रकाश म्हणाले. “दर वर्षी नवा महापौर, नवे हार. आता मतांची लाचारी नाही, फाइल नियमानं चालेल. मी तर म्हणतो, महापौरही सरकारनंच धाडावा. थेट दिल्लीहून आला तरी उत्तम.”

दत्तारामला ते थोडे पटले. शिवदासांनी पहिला नळ मेव्हण्याच्या चाळीत दिला होता. त्या नळावरची ‘सौजन्य’ची पाटीही दत्तारामनेच रंगवली होती.

“बरोबर आहे, साहेब. ते राहतात कुठं?”

“कोण?”

“प्रशासक.”

“तुला काय करायचंय?”

“बायको विचारेल.”

चंद्रप्रकाशांनी अर्जावर शिक्का मारला. शिक्क्याची अक्षरे फार सुबक होती.

घरी रत्नप्रभाने सगळे ऐकून घेतले. “मगे आता भांडाचा कोणाशी?”

“प्रशासकाशी.”

“खय ऱ्हवता तो?”

“म्हायत नाय.”

भांडायला खोचलेला पदर तिने सोडला. चौदा वर्षांच्या संसारात दत्तारामला हे नवीन होते. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “ता ‘माजी’ ऑईलपेंट नाय हा. खडू नि डिंक. पाण्यान जाता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाचे डबे घेऊन निघालेल्या दत्तारामला ती गल्लीत दिसली. नाक्यावरून भरलेला हंडा आणत होती. या पाण्यातले ती त्याला ब्रश बुडवायलासुद्धा देत नसे. शिवदासांच्या दारापाशी तिने हंडा उतरवला, ओंजळभर पाणी घेतले आणि पाटीचा वरचा भाग नीट पुसून काढला. पदराला हात कोरडे केले. मग कडी वाजवली.

“अवो नगरसेवक! भायर येवा!”

शिवदास बनियनवर बाहेर आले. तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची नजर ओल्या पाटीवर गेली. ते आत गेले, आणि सदऱ्याची बटणे लावत परत आले.

“बोला, वहिनी,” ते म्हणाले.