गजराबाईचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता तसलाच, तपकिरी, वर लोखंडी चिमटा असलेला. १९९२ साली घोडेगावच्या बाजारात नंदानं मला घेतलं, तेव्हा माझा चिमटा इतका कडक होता की तिचं बोटच सापडलं त्यात. मला त्याचा जरा गर्वच होता.

नंदा लोणीची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पुण्याला अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. खेड्यातली माणसं काय काम करतात, हा तिचा विषय. आणे, शिनोली, गावोगावी पाहणीचे फॉर्म घेऊन मी तिच्या हातावर फिरलो. शेवटचा फॉर्म राहिला तो तिच्या आईचा, गजराबाईचा. ती अंगणात कांद्याची पात कापत बसली होती.

"आई, तू काय काम करतेस?"

"म्या? काय न्हाई. घरीच तर असते. लिव तसं."

नंदा हसली आणि तिनं लिहिलं, 'काम नाही'. गजराबाईचा विळा चालूच होता.

प्रबंधाची वाहवा झाली. नंदा जुन्नरला कॉलेजात शिकवू लागली. सहा वर्षांनी वर्गात दाखवायला म्हणून तिनं जुने फॉर्म काढले, आणि आईचा फॉर्म हाती आला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती स्वतःशीच म्हणाली. तो कागद तिनं गठ्ठ्यात परत ठेवला नाही, माझ्या चिमट्याखाली लावला. आईचा रकाना आपण भरायचा, एवढ्यासाठी ती सरकारच्या सांख्यिकी खात्यात नोकरीला गेली.

तिथं नव्या पाहणीच्या फॉर्ममध्ये तिनं एक रकाना आखला, घरच्या शेतातल्या आणि जनावरांच्या कामाचा. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, फॉर्ममध्ये मावत नाही. पुढच्या वेळी बघू." तीनदा आखला, तीनदा हेच ऐकलं. शेवटी रकाना नसलेला फॉर्म माझ्यावर ठेवून तिनं सही केली. पेन नेहमीसारखंच चाललं. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. पुढं तिला बढती मिळाली, मी कपाटावर गेलो.

२००६ साली गजराबाई गेली. नंदानं कपाटावरून मला काढून पिशवीत टाकलं. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. मृत्यूची नोंद करायला ती भावाबरोबर, मच्छिंद्रबरोबर, ग्रामपंचायतीत गेली.

"व्यवसाय काय लिहू?" क्लार्कनं विचारलं.

"काय न्हाई लिवा, भाऊ," मच्छिंद्र म्हणाला. "घरीच व्हती."

नंदानं फॉर्म मागून घेतला, माझ्यावर ठेवला आणि लिहू लागली. मेंढरं. खुरपणी. कांदा. पाणी. सरपण. अक्षरं चौकट ओलांडून समासात गेली.

"ताई, एवढं मावत नाही हो त्यात."

"माहीत आहे," नंदा म्हणाली आणि कागद देऊन टाकला. त्यानं रजिस्टरात काय उतरवलं, ते मला दिसलं नाही.

आता मी लोणीतच मच्छिंद्रच्या घरी खुंटीला असतो. तो जुना फॉर्म अजून माझ्याजवळच आहे, त्यावर चिमट्याचा गंज उतरलाय. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण आईला "तू काय करतेस?" असं विचाराल आणि ती "काही नाही" म्हणेल, तेव्हा लगेच लिहू नका. आधी तिच्या हातांकडे बघा. त्या दिवशी अंगणात नंदानं बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.