टिल्बीकडे जाणारा सरळ रस्ता

टिल्बी गावात तीनशे सत्त्याऐंशी माणसं राहतात. त्यांतलं एकही मी पाहिलेलं नाही, पण त्यांची सगळी घरं मला ठाऊक आहेत. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात, आयोवा राज्यात हे गाव आहे. धान्याची चार उंच गोल कोठारं, पाण्याची टाकी, दोन चर्च, बंद पडलेली शाळा आणि रूळ उखडून नेलेला रेल्वेचा बांध. गावाबाहेर मका आणि सोयाबीन. रस्ते दर मैलाला एक, उभे आणि आडवे, चौकटीच्या वहीवर आखल्यासारखे. उभ्या रस्त्यांना अक्षरं, आडव्यांना आकडे.

मी खडकीत वाढले. आमच्या घराचा पत्ता देताना अब्बा अजूनही "गिरणीच्या अलीकडे, बोळात दुसऱ्यांदा वळलात की" असं सांगतात. त्यामुळे टिल्बीचे रस्ते मला पहिल्या दिवसापासून आवडले होते. तिथे कुणाला विचारावं लागत नाही, मोजलं की झालं.

खराडीतल्या एका कंपनीत मी नकाशे करते. टिल्बीच्या जिल्ह्याचं काम आमच्याकडे आलं ते गाव आटल्यामुळे. साठ वर्षांपूर्वी तिथे नऊशे बारा माणसं होती. आता जी आहेत त्यांतली अर्ध्याहून अधिक साठीच्या पुढची. गावाची स्वतःची रुग्णवाहिका होती, ती गावातलेच लोक बिनपगारी चालवत. शेवटी असे सहाजण उरले आणि त्यांतला सगळ्यात तरुण अठ्ठावन्न वर्षांचा होता. मग ती बंद झाली. आता रुग्णवाहिका एकतीस किलोमीटरवरच्या मोठ्या गावाहून येते. तिच्या चालकाला टिल्बीचे रस्ते पाठ नसतात. सरळ जा, इथे वळ, हे त्याला माझा नकाशा सांगतो.

नकाशा सोमवारी सुरू झाला. मंगळवारी दुपारी बारा चाळीसला तो चुकला आहे हे मला कळलं.

मी महिन्याच्या अहवालासाठी जुन्या नोंदी काढत होते. त्या जिल्ह्याचे मूळ नकाशे कागदी होते आणि प्रत्येक भागाचा वेगळा कागद होता. स्कॅन करून दोन कागद शेजारी ठेवले की कडेवर रस्ते थोडे तुटतात. कडा जुळवायचं एक साधन आमच्याकडे आहे, ते तुटलेली टोकं सांधतं. टिल्बीच्या दक्षिणेला 'के' पासून 'यू' पर्यंत अकरा रस्ते असे तुटले होते. साधन तीस मीटरपर्यंतच सांधतं. मी ती मर्यादा शंभरावर नेली होती. जुना कागद आक्रसतो, हे मला माहीत होतं. हवाई छायाचित्र मी गावापुरतंच तपासलं होतं.

नोंदीत त्या अकरा रस्त्यांची तूट एकाखाली एक लिहिलेली होती. के, नऊ मीटर. एल, अठरा. एम, सव्वीस. एन, छत्तीस. ओ, पंचेचाळीस.

मी माऊसवरचा हात काढून घेतला. कागद आक्रसतो तो असा नाही आक्रसत. चुका विखुरतात. एक इकडे जाते, एक तिकडे. पावलं मोजल्यासारखी वाढत जाते ती चूक नसते.

शेजारी उत्कर्षा डबा उघडत होती. अकोल्याची, सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली.

"ताई, जेवतेस ना? आज ठेचा आहे. काल म्हणालीस तिखट नाही, आज बघच."

"उत्कर्षा, पृथ्वी गोल आहे."

"अगं बाई! कधीपासून?"

मला हसता आलं नाही. उत्तरेकडे जाणाऱ्या दोन रेषा कधीच समांतर राहत नाहीत, ध्रुवाकडे जाताना त्या जवळ येतात. जमिनीचे चौकोन मात्र सारखे एक मैलाचे हवे होते. म्हणून मोजणी करणाऱ्यांनी ठरावीक अंतरावर एक आडवी रेषा धरली आणि तिच्यापासून पुढे मैल नव्याने मोजायला घेतले. त्या रेषेवर प्रत्येक उभा रस्ता थांबतो, थोडा बाजूला सरकतो आणि मग पुढे जातो. कागदाची कड नेमकी त्या रेषेवर आली होती. रस्ते तुटलेले नव्हतेच. जमिनीवर ते तसेच होते आणि मी त्यांना सरळ केलं होतं.

मी छायाचित्र उघडलं. क्यू अव्हेन्यू, खडीचा रस्ता, दक्षिणेकडून येतो आणि आडव्या रस्त्यावर संपतो. पूर्वेला त्रेसष्ट मीटरवर तो पुन्हा सुरू होतो आणि पुलावरून ओढा ओलांडतो. माझ्या नकाशात तो सरळ जात होता. त्या सरळ रेषेवर आधी शेत होतं आणि शेताच्या पलीकडे, पूल नसलेल्या जागी, ओढा.

मी योगेशच्या केबिनमध्ये गेले. तो आमच्या गटाचा प्रमुख.

"सांगा," तो म्हणाला. "अमेरिका बुडाली का?"

मी सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, तेवढं मात्र तो करतो.

"म्हणजे तू वाकडे रस्ते सरळ केलेस. आपल्या महापालिकेत पाठवायला हवी तुला." मग आवाज खाली आणून, "मेल लिही. तिकडे आता रात्रीचे सव्वादोन. त्यांची सकाळ झाली की वाचतील. गुरुवारी दुरुस्ती जाईल."

"आणि गुरुवारपर्यंत?"

"अर्शिया, तीनशे माणसांचं गाव आहे. रोज कोण आजारी पडतंय?"

"तीनशे सत्त्याऐंशी. अर्ध्याहून जास्त साठीच्या पुढची."

"ताई!" दारातून उत्कर्षाची हाक आली. "तो ठिपका हलतोय."

नवा नकाशा सुरू झाला की पहिले तीन दिवस त्यांच्या रुग्णवाहिका आमच्या भिंतीवरच्या पडद्यावर ठिपक्यांसारख्या दिसतात, दर वीस सेकंदांनी जागा बदलतात. आम्ही दोघं केबिनमधून बाहेर आलो. तीनपैकी दोन ठिपके स्थिर होते. तिसरा क्यू अव्हेन्यूवर आला होता आणि उत्तरेकडे निघाला होता. मी दोन जागांमधलं अंतर मोजलं. ताशी ऐंशी. वळणापर्यंत अकरा किलोमीटर. आठ मिनिटं, थोडी जास्त. कोपऱ्यात तिथल्या हवामानाची ओळ होती: धुकं.

गाडीत निदान दोन माणसं असतील. पुढे टिल्बीत कुणीतरी दिवा लावून वाट पाहत असेल.

"योगेश, फोन."

"क्लायंटशी थेट बोलायचं नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये..." त्याने पडद्याकडे पाहिलं. ठिपका पुढे सरकला. योगेश वाक्य विसरला. त्याने फाइलमधून कंट्रोल रूमचा नंबर काढला, परदेशी फोनचा कोड दाबला, एक आकडा चुकला, पुन्हा दाबला. वाजायला लागल्यावर रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"बोल. तुझी चूक आहे, तूच सांग."

एक बाई बोलली. दमलेला, घोगरा आवाज. संकट आहे का, असं तिने विचारलं.

"हो," मी इंग्रजीत म्हणाले. "माझ्यावर नाही. तुमच्या रुग्णवाहिकेवर. मी भारतातून बोलतेय, पुण्याहून. तुमचा नकाशा मी केलाय. क्यू अव्हेन्यू सरळ जात नाही."

"नाहीच जात. तिथे वळण आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"नकाशात नाही. मी ते काढून टाकलंय. चालकाला माहीत आहे का?"

ती माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तो दोन आठवड्यांपूर्वी आलाय. शहरातून."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग दुरून, वायरलेसवर तिची हाक: "मेडिक दोन, मेडिक दोन." उत्तर नाही. पुन्हा हाक. पडद्यावर दोन किलोमीटर उरले होते. उत्कर्षाने माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं थंड होती, का माझा हात, ते कळत नव्हतं. आणखी एक हाक. दीड किलोमीटर. एक. मी वीसपर्यंत मोजत होते आणि दर वेळी सोळालाच वाटत होतं की वीस झाले. साडेपाचशे मीटर. शंभर. मग खरखर, आणि एका पुरुषाचा आवाज, शब्द कळले नाहीत. बाई ओरडली, "थांब! क्यूवर थांब, पुढे रस्ता नाही!"

ठिपका हलला. मग त्याच जागी राहिला. वीस सेकंद. चाळीस.

तो वळणाच्या पुढे होता. मी मोजलं, चौदा मीटर पुढे. माझ्या रेषेवर, जिथे रस्ता नव्हता.

"या अल्लाह," मी म्हणाले. ऑफिसमध्ये मी असं कधी म्हणत नाही.

फोनमध्ये बरंच काही बोललं जात होतं. मग ती बाई परत आली. तिचा श्वास चढला होता.

"पुढची चाकं सोयाबीनमध्ये आहेत. दोघं ठीक आहेत. मागे घेतोय. हाक आली तेव्हा तो ब्रेकवर उभा राहिला म्हणतो."

"आणि पेशंट?"

"एक्याऐंशी वर्षांची बाई, श्वास लागतोय. मी तिच्या नवऱ्याला दुसऱ्या लाइनवर धरून ठेवलंय. कुठून जायचं ते मीच चालकाला सांगतेय. तुमचं ते यंत्र बंद करायला लावलंय."

ठिपका हलला. कोऱ्या जागेतून उजवीकडे गेला, त्रेसष्ट मीटर, आणि मग माझ्या सरळ रस्त्याच्या शेजारून कोऱ्या जागेतूनच उत्तरेकडे निघाला. सहा मिनिटांनी तो टिल्बीत, पाण्याच्या टाकीमागच्या एका घरापाशी थांबला. आत काय चाललंय ते ठिपक्यावरून कळत नाही. मी विचारलं नाही. मग फोनमध्ये तिचा पेन्सिल शोधण्याचा आवाज आला.

"आणखी कुठे?" तिने विचारलं.

मी एकेक रस्ता वाचला. के, एल, एम. किती मीटर, कोणत्या बाजूला, पुढे पूल आहे की नाही. 'यू'पर्यंत आले तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. योगेशने स्वतःची पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे ठेवली.

"झालं?"

योगेश माझ्याकडे पाहत होता. त्याने हळूच मान हलवली. नाही म्हण, की सांग, ते मला कळलं नाही.

"या कडेवर एवढेच," मी म्हणाले. "अशा कडा तुमच्या जिल्ह्यात आणखी चार आहेत. त्या सगळ्या मीच जुळवल्यात. आता तपासायला घेते, तुम्ही फोन ठेवू नका."

"थांबा," ती म्हणाली. "दुसरा कागद घेते."