डोळ्यातला ठिपका

दिवसभर "हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका" म्हणून म्हणून फोटोवाल्याच्या घशाला कोरड पडायची. त्याच्या दुकानातून प्रत्येक माणूस होता त्याहून बरा दिसून बाहेर पडायचा. तीळ जायचे, डोळ्यांखालची वर्तुळं जायची. शेवटचा हात म्हणून दोन्ही बुबुळांच्या बरोबर मधोमध तो उजेडाचा पांढरा ठिपका ठेवायचा. त्यानं चेहरा जिवंत होतो म्हणे. काय तो तोरा!

त्याची पाच वर्षांची चिमी आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. तिचा उजवा डोळा नाकाकडे वळायचा. बायको कधीची कानीकपाळी ओरडत होती, "अहो, हिचा डोळा पळतो, बघा तरी." याचं उत्तर ठरलेलं, "लहान पोरांचं असतंच तसं. मोठी झाली की जाईल." शेवटी शाळेतल्या बाईंनी टोकलं, तेव्हा कुठे स्वारी जागची हलली.

डॉक्टरीणबाईंनी बारकी बॅटरी चिमीच्या डोळ्यांवर धरली. डाव्या डोळ्यात उजेडाचा ठिपका मधोमध, उजव्यात पार कानाच्या बाजूला सरकलेला. हा सरकलेला ठिपका फोटोवाल्यानं कितीदा तरी पाहिला होता, आणि दरवेळी बुबुळ सरळ करून मधोमध आणून ठेवला होता.

"उजव्या डोळ्यानं तिला फार कमी दिसतंय," बाई म्हणाल्या. "डोळा वळला की एकाच्या दोन वस्तू दिसायला लागतात, मग मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. आता चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगला डोळा पट्टीनं झाकायचा. म्हणजे हा आळशी कामाला लागेल. नजर किती परत येईल, ते आत्ताच नाही सांगता येणार. डोळा केव्हापासून वळतोय हे कळलं तर अंदाज येईल. हिचे जुने फोटो आणाल?"

"अगं बाई, फोटोंची काय कमी आमच्याकडे!" बायको म्हणाली. नवऱ्याचं तोंड उतरलेलं तिनं पाहिलंच नाही.

घरी आल्या आल्या तिनं अल्बम काढले. चिमी झोक्यावर, चिमी बागेत, चिमी आजोबांच्या खांद्यावर. सगळीकडे डोळे सरळ, ठिपके मधोमध.

"म्हणजे हल्लीच झालंय की हे! सुटलो बाई." तिला हायसं वाटलं.

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. पण खोटं रेटायलाही अंगात बळ लागतं, आणि तो पार थकला होता. "मी सरळ केलेत," तो म्हणाला. "सगळेच. मूळचे ठेवले नाहीत."

बायकोनं आपला मोबाईल त्याच्यापुढे सरकवला. त्यात तिनं काढलेले फोटो होते, कुठे हललेले, कुठे डोकं कापलेलं, कुठे निम्मी पोर चौकटीबाहेर. तो खदखदा हसायचा, म्हणून तिनं ते त्याला दाखवणंच सोडलं होतं. दोन वर्षांची चिमी तोंडात चमचा धरून बघत होती, उजवा डोळा नाकाशी.

"तीन वर्षं मी बोंबलतेय," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

आठवड्यानं चिमी चष्मा-पट्टी लावूनच दवाखान्यात गेली. मोबाईलमधले फोटो पाहून डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला. "उशीर झालाय. पण अजून वेळ हातात आहे. पट्टी चुकवू नका. आणि दर महिन्याला एक फोटो आणा, समोरून, आहे तसा."

त्याच संध्याकाळी दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर फोटोवाल्यानं चिमीला स्टुलावर बसवलं. पट्टी काढली, चष्मा काढला. दिवा लागला तशी पोरीनं न सांगता मान वळवली, हनुवटी खाली घेतली आणि केसांची एक बट ओढून उजव्या डोळ्यावर आणली.

"तशी नको गं. सरळ बघ माझ्याकडे."

"सरळ नको ना बाबा," चिमी म्हणाली. "सरळ बघितलं की तुला खूप वेळ मला नीट करत बसावं लागतं. मग तू दमतोस."

त्यानं ती बट तिच्या कानामागे सारली.

"आज काही नीट करायचं नाहीये," तो म्हणाला. "तू नुसतं बघ."

चिमीनं मान वर केली. एक डोळा त्याच्याकडे होता, दुसरा नाकाकडे. त्यानं बटण दाबलं.