आधी आबांचा घास

पाळणाघरातून तिसऱ्या दिवशीही माझ्या लेकीचा डबा जसाच्या तसा परत आला. केळ्याचे काप काळे पडलेले, उकडलेल्या गाजराला सुरकुत्या.

"पाणी घेतलं, तेही दोन घोट," ताई म्हणाल्या. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणतात. अठरा मुलं, पण कुणाचा बूट कुणाच्या पायात गेलाय ते त्यांना न बघता कळतं. "रडत असती तर मी समजूत घातली असती हो. ही नुसती डब्यापुढे बसून राहते, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीच खाल्लं तर मी नाही ठेवून घेऊ शकत. दिवसभर उपाशी मूल! काही झालं तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

त्यांचं काही चूक नव्हतं. पण सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मालकीणबाईंनी पावणेदोन वर्षं माझी जागा धरून ठेवली होती आणि या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, "आता नाही आलीस तर मी दुसरी मुलगी बघते गं. माझाही नाइलाज आहे." त्या कामाची मला ओढ होती. समोरचा माणूस नवा चष्मा लावून पहिल्यांदा रस्त्यापलीकडची पाटी वाचतो ना, तेव्हाचा त्याचा चेहरा मला बघायचा होता.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवतो, पहाटे जातो आणि दुपारी आला की सोफ्यावर आडवा होतो. डोळे न उघडताच म्हणाला, "भूक लागली की खाईल."

"हो का? तू एक दिवस डबा विसरलास तर अख्ख्या डेपोला कळतं."

खिडकीशी मशीनवर बसलेले आबा हसले. आबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शिवणकाम केलेले. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे आठ महिने झाले, आमच्या दोन खोल्यांत राहतात. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल, असं चालू असतं. गळ्यातली टेप फक्त झोपताना उतरते.

"हातात धरून खाता येईल असं काहीतरी दे तिला," आबा म्हणाले. "चमच्याचं लचांड नको."

ओट्सच्या पुड्यामागे एक कृती छापली होती. मी मोठ्याने वाचली. "फ्लॅपजॅक."

"जॅक? तो गाडीखाली लावतात ना?"

"खायचा आहे, आबा. ओट्सच्या वड्याच समजा."

"मग वड्या म्हण की."

लोणी आणि मध मंद आचेवर वितळवलं, थोडी साखर घातली. पाळणाघरात दाणे, बदाम काही चालत नाहीत. म्हणून जर्दाळू अगदी बारीक चिरले, मनुका गरम पाण्यात फुगवून चिरल्या, एक सफरचंद किसून पिळून घेतलं. सगळं ओट्समध्ये कालवून ट्रेमध्ये वाटीच्या बुडाने दाबलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. वीस मिनिटांनी असा काही वास सुटला की सोफ्यावरचा माणूस उठून बसला.

घाई मला नडली. ट्रे बाहेर काढला आणि लगेच सुरी घातली. वड्या कसल्या, नुसता भुगा.

आबा जवळ येऊन बघत राहिले. "अगं, इस्त्रीखालून काढलेलं कापड कुणी लगेच बेततं का? गरम असताना ते खोटं माप देतं. पडू दे जरा."

दुसरा ट्रे आबांनी ताब्यात घेतला. मला हात लावू दिला नाही. दर पाच मिनिटांनी ट्रेच्या बुडाला हाताची पालथी बाजू लावून बघायचे आणि मान हलवायचे. चांगला पाऊण तास गेला. मग धुऊन पुसलेली फूटपट्टी ठेवून सुरीच्या टोकाने रेघा ओढल्या आणि एकेका दाबात कापत गेले. चोवीस वड्या, एकही कोपरा तुटला नाही.

मुंगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून हे सगळं बघत होती. ती नेहमी काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून मुंगी. तिच्या हातात वडी दिली. तिने तुकडा मोडला आणि हात वर केला. "आबा, आ."

आबांनी आ केला. दुसरा तुकडा बाबाच्या तोंडात, तिसरा माझ्या. मग मात्र बाईसाहेबांनी सलग दोन वड्या फस्त केल्या.

"उद्या डबा चाटूनपुसून येणार," नवरा म्हणाला.

गुरुवारी डब्यात तीनच्या तीन वड्या परत आल्या. फक्त एक मधोमध मोडलेली होती.

"मोडली तिने," ताई सांगत होत्या. "मग तुकडा माझ्यापुढे धरून बसली. मी म्हटलं, तू खा गं राणी. तर शेजारच्या मुलाकडे हात केला. त्याने लगेच चोच उघडली! मला मध्ये पडावं लागलं. एकमेकांच्या डब्यातलं आम्ही खाऊ देत नाही. मागे एकाच्या अंगावर चट्टे उठले होते."

मी तिच्या बुटाचा पट्टा लावत होते. हात तिथेच थांबला.

सगळीकडे लहान मुलांना भरवताना म्हणतात, हा घास आजोबांचा, हा बाबाचा. आजोबांच्या नावाचा घास मूलच खातं. आमच्याकडे मी ते उलटं करून ठेवलं होतं. सासूबाई गेल्यावर आबा ताटावर बसायचे आणि दोन घासांत उठायचे. म्हणून मी मुंगीच्या हातात चमचा दिला. "जा, आधी आबांना भरव, मग तू खा." नातीला नाही कसं म्हणणार? दोघंही जेवायला लागले आणि मी माझ्या हुशारीवर खूश होते. आता ही पोर पाळणाघरात हात पुढे करून बसली होती. कुणी आ करत नव्हतं, मग तिची पाळी यायची कशी?

आबांना सांगताना मला अवघड गेलं. त्यांनी हात ठेवून मशीनचं चाक थांबवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आजपासून मी नको म्हणतो."

जेवताना मुंगीने चमचा भरला. "आबा, आ."

आबांनी ओठ मिटून घेतले. तिने चमचा आणखी जवळ नेला. ते खिडकीकडे बघायला लागले. तिचा खालचा ओठ थरथरला, पण ती रडली नाही. चमचा ताटात ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. आबांचं ताट तसंच, तिचंही तसंच. नवरा माझ्याकडे बघतोय आणि मी मिठाच्या डबीकडे.

"छे," आबा एकदम म्हणाले. "हे काही खरं नाही. तिला आधी दुसऱ्याचं झालेलं बघायचंय. मग तिच्याच हातचं कशाला लागतं?"

त्यांनी ताट पुढे ओढलं, स्वतःच्या हाताने बटाट्याचा मोठा घास घेतला आणि चावून गिळला. कित्येक महिन्यांत पहिला घास, कुणी न भरवता. मग तोंड उघडून तिला दाखवलं.

मुंगी खुर्चीवर उभी राहिली. आत नीट डोकावून बघितलं. "झालं?"

"झालं. आता तू."

तिने चमचा उचलला.

शुक्रवारी मी दोन डबे नेले. एक मुंगीचा, एक ताईंचा. ताईंना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "माझ्या डब्यातलं मी खायचं ना? मग नियम कुठे मोडतोय! तसंही बसून खायला मला मिळतं कधी?"

जेवणाच्या वेळी मी परत गेले आणि दाराच्या काचेतून बघत राहिले. ताई मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या, गुडघे पार हनुवटीपर्यंत आलेले. त्यांनी वडी खाल्ली आणि तोंड उघडलं. मुंगीने तपासलं. मग काय सुचलं कोण जाणे, टेबलाभोवती फिरून तिथे बसलेल्या पाचही मुलांची तोंडं तपासली. मुलांना ती गंमतच वाटली. सगळ्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. आता पुरे गं, बस आता.

ती जागेवर आली. वडी दोन्ही हातांनी धरली आणि कोपऱ्यातून चावा घेतला.

थोड्या वेळाने ताई दार उघडून बाहेर आल्या, ओठाला ओट्स चिकटलेले. "अडीच वड्या! सोमवारी साडेआठला आणा. आणि तिला सांगा, माझ्या तोंडात इतकं डोकवायचं नाही. दाढ किडलीये माझी."

मी हसले, पण डोळे पुसतच. फाटकाबाहेर आबा उभे होते. घरी थांबवेना त्यांना. टेप गळ्यात तशीच, एका पायात चप्पल नवऱ्याची.

"खाल्लं?"

"खाल्लं. अडीच."

आबांनी मान हलवली. दोन पावलं चालून थांबले आणि म्हणाले, "चल मग घरी. मला भूक लागलीये."