उभ्या गाडीचे तास

कागदोपत्री ती गाडी माझी आहे. सव्वीस महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांनी ती घेतली तेव्हा नोंदणी माझ्या नावाने केली, कारण रोपवाटिका माझ्या नावावर, आणि रोपवाटिका माझ्या नावावर, कारण ह्यांना सह्या करायचा कंटाळा. त्यामुळे दर सहा महिन्यांनी कंपनीतून एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन मला येतो. “मॅडम, गाडीच्या मालक म्हणून तुमचा अनुभव कसा आहे? दहापैकी किती गुण द्याल?” मी दर वेळी सात म्हणते. खरं तर मी त्या गाडीवर एकदाही बसले नव्हते. घेताना आपल्याला कोणी विचारलं नसलं की वस्तूला हात न लावण्यातही एक सुख असतं.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. चार जाडजूड खाचांची चाकं, त्यावर मोटारसायकलसारखं हँडल, पुढे-मागे लोखंडी रॅक, नाकाशी दोर ओढणारं विंच आणि दोन माणसं एकामागे एक बसतील अशी लांब सीट. चिखल, दगड, चढ, कशालाच न जुमानणारी. हे तिला ‘बाईसाहेब’ म्हणतात. मला लग्नाला तीस वर्षं होऊनही असं कधी म्हटलेलं नाही. मी तिला रेडा म्हणते.

रेड्याचं कौतुकही करायला हवं, नाही तर मी कृतघ्न ठरेन. आमची रोपवाटिका उतारावर आहे, पाच टप्प्यांची. पूर्वी खालच्या शेडमधून वरच्या टप्प्यावर रोपांचे ट्रे न्यायचे म्हणजे हातगाडी, दोन माणसं आणि माझा आरडाओरडा, एवढं सगळं लागायचं. आता एका फेरीत चाळीस ट्रे जातात. एकदा पावसात माती विकायला आलेला ट्रक फाटकाशी रुतला, तर रेड्याने विंचने तो ओढून काढला. ड्रायव्हर आमच्या ह्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी होता. त्यानंतर आठवडाभर हे जेवतानासुद्धा विंचबद्दलच बोलत होते.

पण गाडी आली त्याच्या महिनाभर आधी आमची पोरगी घर सोडून गेली होती. एकुलती एक. घरातलं माणूस गेलं आणि त्याच्या जागी रेडा आला, असंच माझ्या मनाने घेतलं, आणि एकदा मनाने घेतलं की पालथ्या घड्यावर पाणी.

कलम बांधायला तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. मी बांधलेल्या शंभरातली नव्वद जगतात, तिची सत्त्याण्णव जगायची. आणि हिला काय करायचं होतं? बंदरावर क्रेन चालवायची. साठ हात उंच काचेच्या खोक्यात बसून लोखंडाच्या पेट्या इकडच्या तिकडे करायच्या. मी समजावलं, चिडले, रडले, आणि शेवटी म्हटलं, “जायचं तर जा. पण मग मला फोनसुद्धा करू नकोस.” रागात माणूस बोलतं. समोरच्याने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचं असतं. पण खाण तशी माती. तिने फोन केला नाही. मग मीही केला नाही.

आपल्याला काही आठवणबिठवण येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते. खरं सांगते, रोज यायची. ती डावरी. कलमाचा चाकू पुसून मी आजही डाव्या बाजूला ठेवते, मग लक्षात आलं की उचलून उजवीकडे ठेवते. एकदा हे झोपल्यावर मी तिचा नंबर लावला होता. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई म्हणाली. मी त्या बाईवरच भडकले. ह्यांच्याकडे नवा नंबर असेल का, हे विचारायला तोंड उघडायचं आणि जीभ टाळ्याला चिकटायची. हेही कधी विषय काढायचे नाहीत. गरीब स्वभाव आहे. मला घाबरतात म्हटलं तरी चालेल.

तर त्या दिवशी हे सकाळीच दाढ काढून घ्यायला गावात गेले होते आणि गाडीचं सर्व्हिसिंग करायला मेकॅनिक आला. तरुण, चटपटीत, आम्हाला काका-काकू म्हणतो. शेडसमोर गाडीखाली ताडपत्री टाकून त्याने जुनं तेल काढलं, बोटावर घेऊन चोळलं आणि मला हाक मारली.

“काकू, गाडी चालवतं कोण?”

“तुझे काका. का? काय मोडलं?”

“मोडलं काहीच नाही. पण हे बघा.” त्याने हँडलवरच्या पडद्यावर बोट ठेवलं. “किलोमीटर झालेत एकवीसशे. आणि हे खाली आहेत ते इंजिनाचे तास. चारशे वीस.”

“मग?”

“तुमच्या या चढउतारावर गाडी ताशी दहाने चालते धरा. एकवीसशे किलोमीटरला दोनशे दहा तास पुरे झाले. बाकीचे दोनशे दहा तास ही नुसती उभी आहे, इंजिन चालू ठेवून. म्हणून तर तेल असं डांबर झालंय. काकांना सांगा, थांबलं की चावी फिरवायची.”

मी मान डोलावली, पण डोक्यात चक्रं सुरू झाली होती. दर सोमवारी दहाच्या सुमाराला हे वरच्या टाकीवर जातात. फिल्टर धुवायचे, पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायचे, दोन तासांचं काम आहे असं मला सांगून ठेवलेलं. मी खाली शेडमध्ये कलमं बांधत असते. वरून धडधड ऐकू येते, आणि ती ऐकू येते तोवर माणूस कामात आहे असं धरून मी निर्धास्त असते. दोन वर्षांचे सोमवार एकशे पाच. सोमवारचे दोन तास. दोनशे दहा.

सिगारेट! मला दुसरं काही सुचलंच नाही. छातीत दुखून आल्यावर डॉक्टरांनी ह्यांची सिगारेट बंद केली होती. म्हणजे मला खाली ऐकू जावं म्हणून इंजिन चालू ठेवायचं आणि पंपाच्या खोलीत बसून निवांत धूर सोडायचा. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं! आज हे नाहीत तोवर जाऊन थोटकं गोळा करायची, आणि सुजलेला गाल घेऊन घरी आले की पुढ्यात ओतायची, असं मी ठरवलं.

चालत वर जायचं म्हणजे अर्धा तास आणि गुडघ्यांची बोंब. मी मेकॅनिकला म्हटलं, “मला चालवायला शिकव.”

“तुम्हाला?”

“गाडी माझ्या नावावर आहे.”

त्याने नवं तेल भरलं, हसू दाबलं आणि शिकवलं. उजव्या अंगठ्याने एक खटका दाबायचा, की गाडी पळते. सोडला की थांबते. चढाला गियर खाली ओढायचा. बस. मी दाबला आणि रेड्याने मला घेऊन पाण्याच्या पिंपाकडे अशी धाव घेतली, की मेकॅनिक ओरडला, “हळू, काकू! अंगठा आहे, हातोडा नाही!” तीस वर्षं चाकू धरून माझा अंगठा जाड झालाय, त्याला हळू म्हणजे काय ते कळायला तीन टप्पे लागले. चौथ्या टप्प्यावर मात्र मला मजा वाटू लागली, आणि मग मजा वाटल्याचा राग आला.

वर पोचल्यावर मी उतरले, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केल्यावर ते माझ्याच्याने पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती.

पंपाची खोली म्हणजे चार भिंती, पत्रा आणि एक झरोका. आत पंप, ग्रीसचा डबा, एक प्लास्टिकची खुर्ची. मी कोपरे पाहिले, डब्यामागे पाहिलं, पंपाखाली हात घातला. एक थोटूक नाही. वाससुद्धा नाही. मग खुर्चीसमोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं.

ह्यांना भिंतीवर लिहायची सवय आहे. वही हरवते, भिंत हरवत नाही, असं म्हणतात. चुन्यावर पेन्सिलीने तारखा टाकून व्हॉल्व्हच्या वेळा लिहिलेल्या होत्या. तीन नंबर, चाळीस मिनिटं. चार नंबर, गळतोय. आणि त्यांच्याच मध्ये, त्याच अक्षरात, ‘ताप उतरला’. मी चष्मा पुसला. ‘नवी खोली, तिसरा मजला, खिडकी रस्त्याकडे.’ ‘फिल्टर धुतला.’ ‘क्रेनची परीक्षा पास!’ ‘मैत्रीण सोडून गेली, एकटी राहते.’ ‘केस कापले, खांद्यापर्यंत.’ ‘दोन नंबरचा नट बदलणे.’ ‘पगार वाढला.’ ‘आवाज बसलाय.’

गेल्या दोन वर्षांतली माझी पोरगी तिथे होती, नट आणि फिल्टरच्या मध्ये. मी गुडघ्यावर बसून खालच्या ओळी वाचल्या, स्टुलासारखा तो ग्रीसचा डबा ओढून त्यावर चढून वरच्या वाचल्या. केस कापल्याचं वाचून मला रडू आलं. एवढे लांब केस, मला कोणी सांगितलं नाही.

आणि जवळजवळ प्रत्येक सोमवारी शेवटी एक ओळ होती. ‘आईबद्दल विचारलं. बरी आहे म्हटलं.’ पुढे पुढे ह्यांना कंटाळा आला असावा, नुसतं ‘आईबद्दल विचारलं’ एवढंच. मी बोट ठेवून मोजत गेले. सोमवार, सोमवार, सोमवार. मी खाली शेडमध्ये धडधड ऐकत बसलेली, आणि वर माझी पोरगी माझं कसं काय ते विचारतेय.

मग ती ओळ थांबली. मी परत वाचलं. गेले चार महिने सगळं होतं, तिची ड्यूटी, तिचं सर्दीपडसं, पंपाचा पट्टा. ती ओळ नव्हती. एकदाही नाही.

आपण रुसून बसावं आणि समजूत काढणारं माणूसच उठून निघून जावं, तसं झालं. दोन वर्षं मी तिची वाट पाहत होते, ती कधीतरी नमतं घेईल म्हणून. ती तर दर सोमवारी घेत होती. आणि आता तिचं घेऊन संपलं होतं.

झरोक्याखाली मोठ्या आकड्यांत एक नंबर लिहिलेला होता. मी माझ्याच फोनवरून तो लावला. चौथ्या रिंगला उचलला.

“आई?”

मी फोन कानाला घट्ट दाबला. बाहेर रेडा धडधडत होता.

“आई, बाबांना काय झालं?” तिचा आवाज चिरकला. “गाडी उलटली का? आई, सांग ना! जिवंत आहेत ना?”

दोन वर्षांनी माझा नंबर दिसला, तर पोरीला एवढं एकच कारण सुचलं. बापाचं बरंवाईट झाल्याशिवाय आई फोन करणार नाही, एवढीच माझी पत उरली होती.

“काही झालं नाही त्यांना,” मी घाईघाईने म्हटलं. “दाढ काढायला गेलेत. धडधाकट आहेत.”

तिने एवढा मोठा श्वास सोडला की मला कानाला लागला. मग थोडा वेळ नुसतं नाक ओढणं. तिच्या मागे लोखंडावर लोखंड आदळत होतं, माणसं ओरडत होती.

“मग तू फोन कशाला केलास?” ती रागाने म्हणाली.

सांगायला पाच-पन्नास गोष्टी होत्या. तोंडातून भलतंच निघालं. “तू माझ्याबद्दल विचारायचं सोडलंस.”

“काय?”

“भिंतीवर लिहिलंय ह्यांनी. चार महिने झाले. तू विचारत नाहीस.”

तिने नाक शिंकरलं. मग म्हणाली, “मी विचारलं की बाबांना खोटं बोलावं लागायचं. म्हणायचे, ‘आईपण तुझी खूप चौकशी करत होती हं.’ त्यांना खोटं बोलता येतं का? तूच सांग. त त प प होते त्यांची. मला त्यांची दया यायला लागली, म्हणून सोडलं.”

मी खुर्चीत बसले.

“मला तुझी आठवण येते,” मी म्हटलं. “रोज येते. हे खरं आहे. बाबांनी सांगितलेलं नाही, मी सांगतेय.”

कोणीतरी तिला लांबून हाक मारली. तिने फोनवर हात ठेवून त्याला काहीतरी सांगितलं.

“मला वर चढायचंय, आई. ड्यूटी सुरू होतेय.”

“परत कधी बोलू?”

“सोमवारी बाबांशी बोलतेच मी. तेव्हा तूही दोन मिनिटं...”

“नको,” मी म्हटलं. “त्यांच्या वेळेत मला वाटा नको. मला माझी वेगळी वेळ दे.” माझं मलाच ऐकू आलं की मी हुकूम सोडतेय. म्हणून पुढे म्हटलं, “देशील का?” असं मी तिला जन्मात कधी विचारलं नव्हतं.

लोखंड आदळत राहिलं.

“गुरुवारी,” ती म्हणाली. “सकाळी सहाला. मी करेन. तू नको करूस, तुझा नंबर दिसला की मला धडकी भरते.”

“बरं,” मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. त्या दिवशी शुक्रवार होता.