नऊ दिवसांचा पुरावा

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या चीज कारखान्याचा वीजवापर सहा महिन्यांत अकरा टक्क्यांनी घटला, तेव्हा शिकागोच्या मुख्य कचेरीतून शाश्वतता विभागाच्या संचालक मार्सी ड्रेसेल आल्या. त्यांच्या मते कारणे तीन होती: वरिष्ठांची बांधिलकी, कर्मचाऱ्यांची जागरूकता आणि जिन्यातली भित्तिपत्रके. भित्तिपत्रकांवर फोटो त्यांचाच होता.

वीजवापराचा हिशेब मी ठेवत असे, आणि मला चौथे कारण ठाऊक होते. दुरुस्ती विभागातला व्हर्लिन थॉर्सगार्ड हरणांच्या शिकारीसाठी घेतलेले कानयंत्र लावून कारखान्यात फिरे. पाचोळ्यातले पाऊल ऐकवणाऱ्या त्या यंत्रात हवेच्या नळीची बारीक फटही फुसफुसताना ऐकू येई. तो ती बुजवी आणि नळ्यांत दाबाने हवा भरणाऱ्या कंप्रेसरवरचा भार, म्हणजे विजेचा खर्च, उतरे. जानेवारीत नेमकी त्याचीच जागा रद्द होणार होती.

"पुरावा आहे?" मार्सीबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता. भित्तिपत्रकांना तो कोणी विचारला नव्हता, इतकेच.

नोव्हेंबरात बंदुकीने हरणे मारायला परवानगी असलेले वर्षातले नऊ दिवस आले आणि व्हर्लिन रानात गेला. निम्मा कारखानाही गेला, म्हणून मी वापर दर टन चीजमागे मोजला. भित्तिपत्रके जागेवर होती. बांधिलकीनेही, माझ्या माहितीप्रमाणे, रजा घेतली नाही. आकडा चार टक्क्यांनी चढला, आणि व्हर्लिन परतल्यावर आठवड्यात उतरला. मी आलेख शिकागोला पाठवला.

उत्तर आले: जागा कायम, मात्र शिकारीच्या नऊ दिवसांत गळती शोधणारी व्यक्ती हजर हवी.

"वा, प्रोफेसर," व्हर्लिन म्हणाला. "एकोणचाळीस वर्षांत एक मोसम चुकवला नाही मी. बायको बाळंत होती तेव्हासुद्धा."

"नोकरी वाचली ना तुमची?"

"वाचली की. कशासाठी करायची, तेवढं गेलं."

मी पत्र पुन्हा वाचले. "यात 'व्यक्ती' म्हटलंय. तुमचं नाव कुठे आहे?"

त्याने कानयंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले. "शिकार येते तुला?"

"नाही."

"काही बिघडत नाही. गळती पळून जात नाही."

पुढच्या नोव्हेंबरात व्हर्लिन रानात आणि मी जिन्यात होतो. पहिली फुसफुस तिथेच ऐकू आली. यंदाचे नवे भित्तिपत्रक ठोकताना खिळा मागच्या नळीत गेला होता. दुरुस्तीसाठी मार्सीबाईंना भिंतीवरून उतरवावे लागले.

अहवालात मी तशी नोंद केली.