पूजेनंतरचा नेम

मी एक जुनी दुर्बीण आहे, रायफलवर बसणारी. जर्मनीतल्या येना शहरात घडले, तिथेच म्हातारी झाले. मित्रांनो, आधीच सांगते, माझा कोणावरही पटकन विश्वास बसत नाही.

पहिल्या मालकाने शिकार सोडली आणि मी दुकानाच्या कपाटात येऊन पडले. एका संध्याकाळी सिद्धांत आला. पुण्याचा इंजिनिअर, शिकारीचा परवाना नुकताच हातात पडलेला. सोबत त्याला जंगलात नेणारे म्हातारे जर्मन शिकारी, लिंडनर. सिद्धांत चोवीसपट मोठं दाखवणाऱ्या एका नव्या दुर्बिणीवर भाळला होता. ह्याला हरीण मारायचंय की चंद्र बघायचाय, असा मला संशय आला.

लिंडनर आम्हा दोघींना घेऊन त्याच्यासोबत दाराशी गेले. बाहेर अंधारून येत होतं. नवीतून झाडं काळवंडली आणि हात जरा हलला की सगळं पळू लागलं. माझ्यातून फांदी न् फांदी दिसली.

"हरीण ह्याच वेळेला बाहेर येतं," लिंडनर म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत सिद्धांतने मला घेतलं. नेमबाजीच्या मैदानावर त्यांनी माझा नेम जुळवला. गोळी बरोबर मध्यात लागली. तरी मी सावधच होते. नव्या माणसाचा उत्साह मी बराच पाहिलाय.

मग दसरा आला. सिद्धांतचे सासरे पद्माकर पुण्याहून आले होते. "जावईबापू, घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही?" रायफल कुलूपबंद ठेवायचा इथला कायदा. ती पाटावर मांडायची सिद्धांतची छाती होईना. म्हणून त्याने मला तेवढं रायफलवरून उतरवलं. हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. संध्याकाळी त्याने मला परत बसवलं आणि स्क्रू आवळले. मी जागेवरून केसभर सरकले होते, म्हणजे लांबवर गोळी भलतीकडेच जाणार होती आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

शनिवारी सिद्धांत आणि लिंडनर मचाणावर बसले. उजेड मावळताना हरीण आलं आणि निवांत चरू लागलं. सिद्धांतचं बोट चापावर गेलं. माझा जीव नुसता कासावीस झाला. गोळी पोटात लागली, तर ते मुकं जनावर झुडपांत तडफडत फिरणार होतं.

बोट थांबलं. त्याने रायफल खाली घेतली. "नको, मी दुर्बीण पूजेसाठी काढली होती. परत बसवल्यावर एकही गोळी झाडून पाहिलेली नाही."

लिंडनरांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पूजा म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. "मग चल घरी," एवढंच म्हणाले.

घरी हे ऐकून सासरे दुखावले. "देवापुढे ठेवलेल्या वस्तूवर तुमचा विश्वास नाही?" दुसऱ्या दिवशी सिद्धांत त्यांना मैदानावर घेऊन गेला आणि एक गोळी झाडली.

पद्माकरांनी निशाणाच्या कागदावर हात ठेवला. मध्य आणि भोक यांच्यामध्ये त्यांचा अख्खा पंजा मावला.

"ही गोळी त्या हरणाच्या पोटात गेली असती?"

"हो, बाबा."

त्यांनी हात बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, जपा, वाटलं तर नमस्कारही करा. पण जिच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव आहे, त्या वस्तूवर डोळे झाकून विश्वास टाकू नका. माझ्यावर तर खुशाल संशय घ्या. मला राग येत नाही.